स्वतःच्याच आवाजात हसवणारा नायक : अभिनेते किशोरकुमार

समोरासमोरच्या दोन खिडक्या. एका खिडकीत सुंदर, संगीतवेडी तरुणी. दुसऱ्या खिडकीत तिच्यावर भाळलेला, पण सुराशी काडीचाही संबंध नसलेला भोळा शेजारी. तरुणी ऐकते आहे ते गाणे त्याचे नव्हेच. त्याच्या मागे दडून बसलेला, तोंडात पान, डोळ्यांत काजळ आणि मधोमध भांग पाडलेले लांब केस अशा अवतारातला त्याचा नाटकमंडळीतला गुरू गातो आहे आणि हा केवळ ओठ हलवतो आहे. १९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘पडोसन’मधील हा प्रसंग आजही दूरचित्रवाणीवर लागला की घरातले सारे हातातले काम बाजूला ठेवतात. पडद्यावर ओठ हलवणारे सुनील दत्त, समोरच्या खिडकीत सायरा बानो आणि आडोशाने गाणारे विद्यापती म्हणजे किशोरकुमार.

हा विनोद वरवर प्रेमकथेतला असला तरी त्याचा रोख खुद्द हिंदी चित्रपटाच्या एका रूढीवर आहे. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, ही पार्श्वगायनाची तडजोड प्रेक्षकांनी इतकी निमूटपणे स्वीकारली होती की तिच्यातली गंमत कोणाला जाणवेनाशी झाली होती. ‘पडोसन’ने पडद्यामागचा माणूस पडद्यावर आणून बसवला. त्यासाठी किशोरकुमार यांच्याहून योग्य माणूस सापडणे कठीण होते, कारण स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्याच आवाजाने हसवणारा, शिवाय चित्रपटाचा नायक म्हणून मिरवणारा कलावंत त्या काळात दुसरा नव्हता. दुर्दैव असे की या चित्रपटानंतर वर्षभरातच विद्यापतीची ती खिडकीआडची जागा किशोरकुमार यांच्या वाट्याला कायमची आली. गायक किशोरकुमार देशभर घरोघरी पोहोचले. अभिनेते किशोरकुमार मात्र हळूहळू विस्मरणात गेले.

आभासकुमार गांगुली हे त्यांचे मूळ नाव. ४ ऑगस्ट १९२९ रोजी खांडवा येथे त्यांचा जन्म झाला. भुसावळ–इटारसी लोहमार्गावरचे, निमाड प्रांतातले हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होते. वडील कुंजलाल गांगुली व्यवसायाने वकील, आई गौरीदेवी. चार भावंडांत हे धाकटे. थोरले बंधू अशोककुमार यांचे नाव ‘बॉम्बे टॉकीज’मुळे गाजू लागले तेव्हा धाकटा भाऊ शाळकरी वयाचा होता. लहानपणी या भावाचा आवाज अगदी बसका होता. स्वयंपाकघरात धावत जाताना विळीवर पाय पडून जखम झाली, कित्येक दिवस पोराने रडून घर डोक्यावर घेतले आणि त्या रडण्यातूनच गळा मोकळा झाला, अशी हकिकत अशोककुमार पुढे सांगत असत. वैद्यकशास्त्र याला काय म्हणेल ते असो, किशोरकुमार यांच्या चरित्राचा प्रारंभ अशा विनोदी गोष्टीने व्हावा हे त्यांच्या स्वभावाला साजेसेच आहे.

इंदूरच्या ख्रिश्चन महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेऊन ते मुंबईला आले. मनात ध्यास होता कुंदनलाल सैगल यांच्यासारखे गाण्याचा. सैगल हे गाणारे नट, म्हणजे पडद्यावर दिसणारा चेहरा आणि ऐकू येणारा आवाज एकाच माणसाचा. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाचे तंत्र आले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गाणाऱ्या नटांचा जमाना ओसरत गेला. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेले. किशोरकुमार चित्रपटसृष्टीच्या दाराशी उभे होते ते नेमके याच वळणावर. १९४६ च्या ‘शिकारी’त ते प्रथम पडद्यावर दिसले आणि १९४८ च्या ‘जिद्दी’त संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी त्यांना पार्श्वगायनाची संधी दिली. तो आवाज पडद्यावर लाभला देव आनंद यांना. म्हणजे आरंभच दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी गाण्याने झाला.

अशोककुमार यांची इच्छा होती की भावाने नट व्हावे. धाकट्याची ओढ गाण्याकडे. घरातल्या या ओढाताणीतून पुढची वीस वर्षे घडली. शास्त्रीय संगीताची तालीम नसल्यामुळे संगीतकार त्यांना पुरेसे गंभीरपणे घेत नव्हते. बिमल रॉय यांच्या ‘नौकरी’ (१९५४) चित्रपटात नायक किशोरकुमार असूनही त्यांनी गावे की नाही याविषयी संगीतकार सलिल चौधरी साशंक होते. अखेर नायकाच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. आणखी विलक्षण गोष्ट म्हणजे ‘रागिणी’ (१९५८) आणि ‘शरारत’ (१९५९) या चित्रपटांत पडद्यावरच्या किशोरकुमार यांना मोहम्मद रफी यांनी आवाज दिला. ज्या माणसाचा गळा पुढे अवघ्या पिढीचा आवाज ठरला, तो स्वतः दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवतो आहे, हे दृश्य आज पाहताना हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

‘नौकरी’ हा विनोदी चित्रपट नव्हे. शिक्षण घेऊन दारोदार हिंडणाऱ्या बेकार तरुणाची ती कथा. हृषीकेश मुखर्जी यांनी दिग्दर्शक म्हणून पदार्पण केलेल्या ‘मुसाफिर’मध्येही (१९५७) मधल्या कथेतला बेकार तरुण त्यांनीच साकारला. किशोरकुमार यांच्या विनोदाचा विचार करताना या दोन भूमिका विसरू नयेत. त्यांचा विनोदी नायकही बहुधा असाच असतो : खिशात पैसे नाहीत, राहायला खोली नाही, डोक्यावर कोणा वडीलधाऱ्याचा धाक आहे. फरक एवढाच की हा तरुण रडत बसत नाही. संकट आले की तो सोंग घेतो.

या सोंगाचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे मोहन सहगल दिग्दर्शित ‘न्यू दिल्ली’ (१९५६). नोकरीसाठी राजधानीत आलेल्या पंजाबी तरुणाला भाड्याने खोली मिळत नाही, कारण प्रत्येक घरमालकाला आपल्याच प्रांताचा भाडेकरू हवा आहे. शेवटी तो तमिळ असल्याची बतावणी करून खोली मिळवतो आणि वैजयंतीमाला यांनी रंगवलेल्या तमिळ तरुणीच्या प्रेमात पडतो. चित्रपट आला ते वर्ष भाषावार राज्यपुनर्रचनेचे होते. मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य अद्याप व्हायचे होते आणि प्रांत व भाषा हे शब्द वातावरणात तापलेले होते. अशा वेळी किशोरकुमार यांनी वेश बदलला, चालण्याबोलण्याची ढब बदलली, पण ज्यांची नक्कल केली त्यांना हास्यास्पद होऊ दिले नाही. हशा वसूल केला तो घरमालकांच्या कोतेपणावर. आपल्या मुलखापासून दूर, परक्या शहरात खोली शोधत फिरलेल्या कोणालाही हा चित्रपट जुना वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘आशा’ने त्यांना अवखळपणाचे नवे रूप दिले. या चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ हे गाणे मूळच्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र यांचे. मुलांच्या खेळातल्या निरर्थक बोलांना पाश्चात्त्य तालाची जोड आणि त्यात मिसळलेले कोकणी शब्द, अशी ती अजब मिसळ. गाण्याला अर्थ नाही म्हटल्यावर गायकाच्या हाती उरते काय? उच्चाराची गंमत, श्वासाचा वेग आणि अंगविक्षेप. या तिन्हींवर किशोरकुमार यांची हुकमत होती. अमेरिकी विनोदी नट डॅनी के यांच्याशी त्यांची तुलना केली जाते. पाश्चात्त्य तबकड्या ऐकून आत्मसात केलेले योडलिंग, म्हणजे गळा एकदम वरच्या सप्तकात उडवून परत आणण्याची तऱ्हा, हा तर त्यांचा खास दागिना. पण अनुकरणाने एवढे साधत नाही.

येथे थोडे थांबून हिंदी चित्रपटातले गाणे कसे चित्रित होते ते पाहिले पाहिजे. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. नंतर चित्रीकरणस्थळी ते वाजवले जाते आणि नट त्यावर ओठ हलवतो. सामान्य नटाला हा आवाज आयता मिळतो. गायकाने श्वास कोठे घेतला, हसू कोठे दाबले, शब्द कोठे मुद्दाम अडखळवला, याचा त्याने केवळ माग काढायचा असतो. गंभीर गाण्यात एवढे पुरते. विनोदात मात्र निमिषाचा उशीर झाला तरी हशा हुकतो. किशोरकुमार ध्वनिग्राहकासमोर उभे असतानाच अभिनय करत असत. आपण पडद्यावर कोठे अडखळणार, कोठे दचकणार आणि कोठे वळून पाहणार हे त्यांचा गळा आधीच ठरवून टाकी. चित्रीकरणाच्या वेळी शरीर त्या गळ्याच्या ओळखीचे असे. त्यामुळे त्यांच्या विनोदी गाण्यांत गाणे कोठे संपते आणि अभिनय कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. त्यांच्या वेडेपणाच्या कथा सांगणाऱ्यांच्या लक्षात ही मेहनत सहसा येत नाही. पैसे अर्धेच मिळाले म्हणून अर्ध्याच चेहऱ्याला रंग लावून ते आल्याची कथा खरी की रचलेली, हा वाद चालू राहो. अशा आख्यायिकांनी एका काटेकोर कारागिराला केवळ लहरी माणूस ठरवले, हे मात्र खरे.

सत्येन बोस दिग्दर्शित ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) हे या कारागिरीचे शिखर. अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच झाले. तिघांचे मिळून मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. थोरला मुष्टियोद्धा आणि स्त्रीजातीचा कट्टर द्वेष्टा आहे. एका पावसाळी रात्री मोटार बंद पडल्याने भिजलेली तरुणी दाराशी येते. मधुबाला यांचे हे आगमन, गॅरेजमधल्या अवजारांच्या ठोक्यावर उभे राहिलेले सचिनदेव बर्मन यांचे गाणे आणि एकीकडे मोटार, दुसरीकडे मोटारीची मालकीण या दोहोंत विभागलेले किशोरकुमार यांचे लक्ष, हे सारे विलक्षण जमून आले आहे. दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे घ्यायचे राहून गेले, म्हणून हा कारागीर बड्या घरच्या त्या तरुणीच्या मागे लागतो. वसुली आणि प्रेम यांचा इतका साधा, इतका मध्यमवर्गीय गोंधळ हिंदी चित्रपटात क्वचितच दिसतो. उत्तरार्धात खलनायकाचे कारस्थान सुरू झाले की चित्रपट सैल पडतो हे मान्य करावे लागेल. तिघे भाऊ आपल्या जुनाट मोटारीत बसले की तो पुन्हा पळू लागतो.

त्याच वर्षी नूतन यांच्यासोबतचा ‘दिल्ली का ठग’ आला आणि बंगालीत ‘लुकोचुरी’ आला. ‘लुकोचुरी’त दुहेरी भूमिका होती. १९६१ च्या ‘झुमरू’त नायक आणि संगीतकार अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी घेतल्या. याच काळात त्यांचे खासगी आयुष्य मात्र सोसण्याचे झाले होते. रूमादेवी यांच्याशी झालेला पहिला विवाह १९५८ मध्ये संपला. १९६० मध्ये त्यांनी मधुबाला यांच्याशी विवाह केला. मधुबाला यांच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. लंडनच्या डॉक्टरांनीही फारशी आशा दिली नाही.

हे लक्षात ठेवून १९६२ चा ‘हाफ टिकट’ पाहावा. कालिदास दिग्दर्शित या चित्रपटात मुंबईला जायला पूर्ण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून एक धट्टाकट्टा तरुण लहान मुलाचे सोंग घेतो आणि अर्ध्या तिकिटावर आगगाडीत बसतो. प्राण यांनी रंगवलेला तस्कर आपल्याजवळचा हिरा नेमका याच्या खिशात दडवतो आणि मग सुरू होतो पाठलाग. कथानकात जेरी लुईस यांच्या एका विनोदपटाची छाया आहे आणि तर्काच्या कसोटीवर ते क्षणभरही टिकत नाही. पण किशोरकुमार यांचा बालवेश पाहताना तर्क आठवत नाही. मोठा माणूस मुलासारखा वागतो एवढ्यावर ते थांबत नाहीत. मुलाचा हट्ट, मुलाचे भय आणि मोठ्यांना अचूक कोंडीत पकडणारा मुलाचा निर्दय प्रामाणिकपणाही ते दाखवतात. याच चित्रपटात सलिल चौधरी यांचे एक द्वंद्वगीत आहे. स्त्रीस्वर लता मंगेशकर यांचा असावा अशी योजना होती. ते जुळले नाही तेव्हा स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज किशोरकुमार यांनीच काढले. पडद्यावर स्त्रीवेशात किशोरकुमार, समोर प्राण आणि दोघांच्या मुखी एकच गळा. आवाज-चेहऱ्याच्या फारकतीची याहून मोठी थट्टा ‘पडोसन’पूर्वी कोणी केली नव्हती. पडद्यावर मधुबाला हसताना दिसतात. आजारामुळे त्यानंतर त्यांचे काम जवळजवळ थांबले.

या हास्याच्या मुखवट्याचा किशोरकुमार यांना स्वतःलाच कंटाळा आला असावा. कारण निर्मिती आणि दिग्दर्शन हाती आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काढला तो विनोदपट नव्हता. ‘दूर गगन की छाँव में’ (१९६४) हा युद्धावरून घरी परतलेल्या सैनिकाचा चित्रपट. घर जळून गेले आहे, उरला आहे तो आघाताने वाचा गेलेला लहानगा मुलगा. मुलाची भूमिका त्यांचे पुत्र अमितकुमार यांनी केली. ज्याने सारी हयात आवाजाच्या करामती केल्या, त्याने मुक्या मुलाच्या बापाची कथा सांगावी हा योगायोग नसावा. चित्रपट संथ आहे, प्रसंगी भाबडाही आहे, तरी विदूषकाच्या आतला माणूस पाहायचा असेल तर दुसरीकडे जाण्याची गरज नाही.

दरम्यान प्राप्तिकराच्या थकबाकीचा ससेमिरा लागला होता, नायकाच्या भूमिका विरळ होत होत्या आणि बरेच चित्रपट आपटत होते. अशा पडत्या काळात निर्माते मेहमूद यांनी ‘पडोसन’मधला विद्यापती त्यांना दिला. ज्योती स्वरूप दिग्दर्शित, राजेंद्र कृष्ण लिखित या चित्रपटाचे मूळ बंगाली कथेत आहे. येथे किशोरकुमार नायक नव्हते, पण चित्रपटाची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातल्या त्या प्रसिद्ध जुगलबंदीत मेहमूद यांच्या मास्टर पिल्ले या पात्रासाठी मन्ना डे गायले. रीतसर तालीम घेतलेल्या गायकाने तालीम नसलेल्या गायकापुढे हरायचे होते. मन्ना डे यांना हे रुचणे अवघडच होते, तरी त्यांनी ते उमदेपणाने पार पाडले. सरगमच्या शिस्तीपुढे किशोरकुमार यांनी शिस्तीची थट्टा उभी केली, आणि ती नेमक्या सुरात केली. बेसूर न होता बेसूरपणाचा आव आणणे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांनाच यातली अवघड जागा कळेल. एक गोष्ट आज खटकते. दक्षिण भारतीय संगीतशिक्षकाचे जे व्यंगचित्र हा चित्रपट रंगवतो, त्यात ‘न्यू दिल्ली’चे औदार्य नाही. बारा वर्षांपूर्वी ज्या नटाने प्रांतीय कोतेपणाला हसून दाखवले होते, तोच येथे उच्चारावरून उडवलेल्या हशात सामील आहे.

२३ फेब्रुवारी १९६९ रोजी मधुबाला यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘आराधना’ प्रदर्शित झाला. सचिनदेव बर्मन यांच्या संगीतातील किशोरकुमार यांचा आवाज राजेश खन्ना यांच्या चेहऱ्याला असा चिकटला की दोघांना वेगळे करणे प्रेक्षकांना अशक्य झाले. विद्यापतीला त्याचा भोला मिळाला; फक्त या वेळी तो विनोद राहिला नव्हता. या चित्रपटातील गाण्यासाठी त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचे असे एकूण आठ पुरस्कार त्यांच्या नावावर जमा झाले. अभिनयासाठी एकही नाही. राजेश खन्ना यांच्यानंतर अमिताभ बच्चन, देव आनंद, संजीवकुमार अशा नाना चेहऱ्यांसाठी गाताना ते प्रत्येकाच्या बोलण्याची लकब गळ्यात उतरवत. नटाचे कसब वाया गेले नाही, ते अदृश्य झाले. ‘बढती का नाम दाढी’ (१९७४) आणि ‘शाबाश डॅडी’ (१९७९) हे स्वतः दिग्दर्शित केलेले विनोदपट त्यांनी नंतर काढले, पण जुना वेग त्यांत आला नाही.

या विदूषकाने एकदा मात्र गंमत केली नाही. आणीबाणीत सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपट कलावंतांचे सहकार्य मागितले गेले तेव्हा त्यांनी नकार दिला. मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांच्या गाण्यांना बंदी आली. लहरी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाने नमते घेतले नाही.

१९८७ मध्ये सचिन पिळगावकर यांच्या ‘गंमत जंमत’ या मराठी चित्रपटासाठी ते अनुराधा पौडवाल यांच्यासोबत गायले. अरुण पौडवाल यांच्या चालीतले ते खट्याळ गाणे पडद्यावर अशोक सराफ यांच्या वाट्याला आले. एका विनोदी नायकाचा आवाज दुसऱ्या विनोदी नायकाच्या मुखी आला; मराठी प्रेक्षकांना तो परका वाटला नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांनी ‘वक्त की आवाज’साठी आशा भोसले यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, अशोककुमार यांचा ७६ वा वाढदिवस होता. त्या दिवशी जुहू येथील निवासस्थानी हृदयविकाराच्या झटक्याने किशोरकुमार यांचे निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते. पार्थिव खांडव्याला नेण्यात आले. अंत्यसंस्कार तेथेच झाले.